टायमिंग जुळंना!

हे बघा, सांगतो, पण आधी हातातला चहा संपवा. मागं एकदा सांगताना आमच्या शेजाऱ्यांना ठसका लागला होता, आणि त्यांची बायको अजून माझ्याशी नीट बोलत नाही. संपवला? ठीक. माझ्या हातून आजवर पुष्कळ घोटाळे झालेत, पण दुसऱ्याचं ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिलं असा हा एकच. तेही कसं? गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून!

तर नव्वद सालानंतरची गोष्ट. तेव्हा माझ्याकडे एक जुनी विलायती मोटार होती. काळी, गोल दिव्यांची, पुढून हँडल मारून सुरू करायची. एका साखर कारखान्यातले साहेब निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या बंगल्यामागं ती कोंबड्यांच्या ताब्यात होती. मी ती आणली, धुतली, रंगवली. बारामतीत ती बाहेर काढली की लोक थांबून बघायचे. बायको मात्र म्हणायची, "लोक गाडीला बघत नाहीत, तुम्हाला बघतात. हा माणूस आता कुठं ढकलत नेणार म्हणून!"

बोलणं लागायचं, पण खोटं नव्हतं. गाडीला एक दुखणं होतं. टायमिंगचं.

आता टायमिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. इंजिनात पेट्रोल आलं की अगदी नेमक्या क्षणी ठिणगी पडावी लागते. लवकर पडली, तर इंजिन आतून ठोके देतं. उशिरा पडली, तर गाडीतला दम जातो आणि सायलेन्सरमधून बार उडतात. ही ठिणगी वाटणारा एक भाग असतो, वाटीसारखं काळं झाकण, वर चार वायरी. तो एवढासा डावीकडे-उजवीकडे फिरवायचा, टायमिंग जुळलं की जागच्या जागी बोल्टनं आवळून टाकायचा. संपलं. आहे की नाही सोपं?

मलाही तसंच वाटलं होतं!

आमच्या मागच्या खोलीत दत्ता नावाचा मुलगा भाड्यानं राहायचा. वालचंदनगरजवळच्या कळंबचा. घरची आधी मेंढरं होती, आता शेती. बारामतीत एका कारखान्यात स्टोअरला नोकरी. शांत मुलगा. इतका शांत, की भूकंप झाला तर आधी चप्पल नीट जोडून ठेवील आणि मग बाहेर पडेल. त्याचं लग्न ठरलं बारामतीजवळच्या पिंपळीच्या मुलीशी. भाजीपाल्याच्या मळ्यातलं घर, माणसं सरळ.

दत्ताचे वडील, नामदेवआबा, आमंत्रणाला आले. मी सहज विचारलं, "आबा, नवरदेव कशातून नेणार?"

"कशातनं म्हंजी? ट्रकात. म्होरं डायव्हरशेजारी बसंल की."

"छे छे! ट्रकातून? आबा, माझी गाडी असताना?"

आतून बायकोनं भांडं आपटल्याचा आवाज आला. मी तो ऐकला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, "टायमिंग आऊट आहे, गाडी ठेवून जा." लग्नसराईत ठेवून जा? मी म्हटलं, राहू दे, मीच करतो. संध्याकाळी अंगणात बसलो, तो ठिणगीवाला भाग सोडवला, साफ केला, परत बसवला, फिरवून फिरवून कान लावून जुळवला. आणि काय चालली हो गाडी! मांजर गुरगुरावं तशी! बायकोला हाक मारून ऐकवली. ती म्हणाली, "आत्ता ठीक आहे. उद्याचं बघा."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी कळंबला पोचलो. एकदाही बंद पडली नाही! दत्ता फेटा, मुंडावळ्या बांधून मागं बसला, शेजारी आबा. मागून ट्रकात सगळं वऱ्हाड. आणि सगळ्यांच्या पुढं मोटारसायकलवर दत्ताचे चुलते, तात्या. हे तात्या म्हणजे शब्दाला महाग माणूस. दहा शब्दांचं वाक्य तीन शब्दांत उरकणार. लक्षात ठेवा हे.

वालचंदनगर गेलं, जंक्शन नावाचं गाव गेलं. लासुर्ण्यापर्यंत मी एका हातानं गाडी चालवत होतो, दुसऱ्या हातानं लोकांना नमस्कार! लासुर्णं मागं पडलं, कॅनॉलच्या पुलाचा चढ लागला, आणि गाडी खोकली.

एकदा खोकली. दोनदा खोकली. मग सायलेन्सरमधून असा बार उडाला की उसातले बगळे उठले!

आता आमच्याकडे लग्न लागलं की बार उडवतात. मागच्या ट्रकातल्या म्हाताऱ्या डुलक्या घेत होत्या. त्यांना वाटलं, लागलं लग्न! त्यांनी पदरातल्या अक्षता काढल्या आणि माझ्या गाडीवर टाकल्या की हो! त्यांना समजावून खाली बसवेपर्यंत गाडी पुलाच्या तोंडाशी बंद.

"काय झालं वो?" आबांनी विचारलं.

"काही नाही आबा. टायमिंग जरा हललंय. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटं! हा शब्द मी त्या दिवशी किती वेळा उच्चारला, देवाला ठाऊक. बॉनेट उघडलं. फिरवून जुळवलं. हँडल मारलं. सुरू! सगळे बसले. पन्नास पावलं गेली, की पुन्हा खोकला, पुन्हा बार, पुन्हा बंद. पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच. एकदा तर ठिणगी इतकी लवकर पडली, की हँडल उलटं फिरून माझ्या मनगटावर बसलं. डोळ्यांपुढं पिंपळीचा मांडव चमकून गेला!

आबा दोनदा म्हणाले, "पावनं, पोराला ट्रकात बशिवतो. तुमी या सावकाश."

आणि मी काय म्हणालो? "शोभतं का आबा? नवरदेव ट्रकातून? आता होतंच आहे!"

झालं. आबा भला माणूस. माझं मन मोडवेना त्यांना. नवरदेवाच्या पुढं वऱ्हाड जाणार नाही, म्हणून ट्रकही थांबला. माणसं उतरली, कॅनॉलकडेच्या लिंबाखाली बसली. बायका तोंड पुसत गप्प. दत्ता मुंडावळ्या मागं टाकून, रस्त्याकडं पाठ करून, निवांत पाणी बघत बसला.

मुहूर्त दुपारचा. ऊन चढायला लागलं. शेवटी आबांनी तात्यांना पुढं पाठवलं. "पिंपळीत सांग, गाडीचं टायमिंग जुळंना, उशीर हुतोय, घाबरू नका म्हणावं."

तात्यांनी मान हलवली आणि गेले.

आता पिंपळीत काय झालं, हे मला नंतर कळलं. मांडवाच्या दारात बँड वाजत होता. मुलीला वडील नव्हते, म्हणून तिचे मामा, श्रीपतीमामा, स्वागताला उभे. तात्या गाडीवरून उतरले. एवढा लांबलचक निरोप, त्यात बँडचा दणदणाट. तात्यांनी तो आपल्या पद्धतीनं आखडला. मामांच्या कानाशी गेले आणि म्हणाले,

"जुळंना."

"काय?"

"जुळंना म्हंत्यात. टायमिंग. थांबल्यात समदी."

एवढं बोलून तात्या चहाच्या पातेल्याकडं गेले. त्यांचं काम झालं होतं!

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. जुळंना? आता? मुलीला हळद लागली, पाचशे माणूस मांडवात, आणि नवऱ्याकडचे म्हणतात जुळंना? मामांनी भटजींना गाठलं. भटजी म्हणाले, "पत्रिका मी स्वतः जुळवली आहे. मात्र जन्मवेळ चुकीची दिली असेल, तर माझा इलाज नाही."

जन्मवेळ! म्हणजेच टायमिंग! झालं, मामांची खात्रीच पटली. मुलीच्या आईला कळू दिलं नाही. तिघा वडीलधाऱ्यांना ट्रॉलीत घातलं, ट्रॅक्टर स्वतः हाकत निघाले थेट लासुर्ण्याकडं.

इकडं मी बॉनेटमध्ये. एव्हाना त्या रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस माझ्यापाशी थांबून गेला होता. सायकलवाले, दूधवाले, एक एसटीचा कंडक्टरसुद्धा! प्रत्येकजण तेच विचारायचा. काय झालं, कधीची आहे, किती जुनी आहे. मी वर बघायचंसुद्धा सोडून दिलं होतं. मान खाली घालूनच उत्तरं द्यायचो.

ट्रॅक्टर थांबल्याचं मी ऐकलं. ट्रॅक्टर तर सारखेच जात होते. मामांनी काय पाहिलं? गप्प बसलेल्या बायका, पाठ फिरवून बसलेला नवरदेव. आबा कुठं? तर कॅनॉलवर पाय धुवायला उतरलेले. मामांनी एका म्हातारीला विचारलं, "आजी, कोण म्हंतंय जुळंना?" म्हातारीनं हनुवटीनं मला दाखवलं.

मला दिसलं फक्त एक पांढरंस्वच्छ धोतर आणि करकरीत वहाणा.

"रामराम पावनं. जुळवायचं तुमीच बगताय जणू?"

"हो, मीच," मी म्हटलं. "सकाळपासून बघतोय."

"मग? जुळंना म्हंता?"

"नाही जुळत."

"आवो, पर आदी बगितलं न्हवतं का?"

"बघितलं होतं की! काल संध्याकाळी सगळं व्यवस्थित जुळलं होतं. आज ऐन वेळी हिनं दगा दिला."

धोतर एक पाऊल जवळ सरकलं. मग जरा घोगऱ्या आवाजात, "हिनं म्हंजी? तिनं काय केलं?"

"काय करायचं बाकी ठेवलंय? तापट आहे हो फार. थंड असते तोवर गुणाची. एकदा तापली की कुणाचं ऐकत नाही. चारचौघांत आवाज काढते."

"आमाला तर कवा दिसलं न्हाय तसलं..."

"तुम्हाला कसं दिसेल? वरून रंग बघून भुलतात लोक. मीसुद्धा भुललो! नुसतं वरून बघून चालत नाही, आतून खोलून बघावं लागतं."

"पावनं!" आवाज चढला. "जरा सांबाळून बोला!"

मला वाटलं, जुन्या गाड्यांचा शौकीन दिसतोय, लागलं मनाला. म्हणून मी समजुतीनं म्हणालो, "रागावू नका. तिचा तरी काय दोष? पहिल्या मालकानं नीट ठेवली नाही."

"पयला... मालक?"

"साहेब होते एक. त्यांनी वापरली आणि दिली परसात सोडून. कोंबड्या..."

कोंबड्यांपर्यंत मी पोचलोच नाही. मागून माझ्या कॉलरला असा हिसका बसला, की डोकं बॉनेटवर आपटून मी सरळ उभाच राहिलो! समोर एक धिप्पाड गृहस्थ. मिशा थरथरताहेत, डोळे लाल. मागं आणखी तिघं, बाह्या सारताहेत.

"माज्या भाचीला मालक? माज्या भाचीला? आरं, मळ्याभायेर पाऊल टाकलं न्हाय त्या पोरीनं! आन् तू..."

"भाची?" मी म्हटलं. "कुणाची भाची? ही तर विलायतची आहे!"

का बोललो, कुणास ठाऊक! आता त्या क्षणाला हेच बोलायचं असतं का? पण डोक्याला मार बसलेला, समोर मिशा, काही सुचेना. मामांनी पायातली वहाण हातात घेतली. बायका ओरडल्या. आबा ओल्या पायांनी धोतर सावरत पळत आले. ट्रकाचा ड्रायव्हर झाडावर चढला. तो का चढला, हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही.

आणि या सगळ्या कालव्यात दत्ता उठला. मुंडावळ्या पुढं घेतल्या. फेटा नीट केला. सावकाश चालत आला, मामांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला,

"मामा, गाडीचं."

"काय गाडीचं?"

"टायमिंग. गाडीचं टायमिंग जुळंना. काका गाडीविषयी बोलत्यात."

मामांनी गाडीकडं बघितलं. माझ्या काळ्या झालेल्या हातांकडं बघितलं. वहाण खाली टाकली, पण पायात घालायचं सुचेना. तसेच रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

"गाडीचं," ते स्वतःशीच म्हणाले. "तात्याबा गाडी म्हनलंच न्हाईत वो."

मग त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर घेतला आणि आबांना म्हणाले, "आबा, ह्यो फेटा तुमच्या पायावर ठेवाया आनला हुता. वाटंनं ठरवूनच आलो हुतो. काय चुकलं आसंल त्ये पदरात घ्या, पर पोरीला मांडवात बशिवलीया, आसं म्हनायचं हुतं."

आबांनी तो फेटा उचलून परत त्यांच्या डोक्यावर ठेवला. मी तिथं पान्हा हातात घेऊन उभा. तुम्हाला सांगतो, त्या वेळी मला हसू आलं नाही. माझ्या पाच मिनिटांच्या हौसेपायी एका माणसानं एवढ्या उन्हात कुठला विचार करत ट्रॅक्टर हाकला होता!

पण मामा मोठा माणूस. क्षणात उठले. "मग नवरदेव हितं काय करतोय? चला, मुहूर्त टळाया लागलाय! बसा ट्रॉलीत!"

ट्रॉलीत घोंगडी अंथरली. दत्ता बसला, आबा बसले. ट्रक सुरू झाला. म्हाताऱ्या चढल्या. ट्रॅक्टर वळवता वळवता मामांनी मला हाक मारली, "पावनं, तुमी जुळवून या सावकाश!"

सगळे गेले. धुरळा खाली बसला. रस्त्यावर मी आणि ती. कॅनॉलचं पाणी शांत वाहत होतं, बगळे परत उसात उतरले होते. डोक्याला टेंगूळ आलं होतं. घाम पुसावा म्हणून सकाळपासून जपलेला परीटघडीचा रुमाल खिशातून काढला, तर कोपऱ्याला गाठ! आत काहीतरी कडक.

सोडली गाठ. बोल्ट.

अहो, तोच बोल्ट! तो ठिणगीवाला भाग जागच्या जागी आवळून धरणारा! आदल्या संध्याकाळी साफ करताना हरवू नये म्हणून मीच रुमालात बांधून ठेवला होता. आणि बसवायचाच राहिला. सकाळी तो भाग नुसता घट्ट बसला होता म्हणून चालला, चढावरच्या हिसक्यानं सुटला; आता मी जन्मभर टायमिंग जुळवत बसलो असतो, तरी पन्नास पावलांवर ते हलणारच होतं!

बोल्ट बसवला. आवळला. हँडल मारलं. पहिल्या झटक्यात सुरू! मांजर गुरगुरावं तशी! पूल ओलांडला, भवानीनगर मागं टाकलं, थेट पिंपळीच्या मांडवापाशी जाऊन उभी राहिली. ऐकायला मात्र कुणी नव्हतं. लग्न लागून गेलं होतं, पंगती बसल्या होत्या.

तोंड चुकवून एका कोपऱ्यात बसावं म्हटलं, तर श्रीपतीमामांनी हाताला धरून नेलं आणि आपल्या शेजारी बसवलं. पलीकडे दत्ता आणि नवी नवरी, मंगल. तिला सगळी हकिकत कळलेली असणार, कारण माझ्याकडं बघून तिनं चटकन पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले.

मामांनी स्वतःच्या हातानं माझ्या ताटात जिलबी वाढली. "राग न्हाय ना पावनं? टकुरं लई दुखतंय का?"

"छे, छे. चूक माझीच."

"आसू द्या. आवो, वाटंत काय सुदरंना. किती वाजलं त्येबी कळंना." त्यांनी मनगट पुढं केलं, घड्याळ टिचकीनं वाजवलं, कानाला लावलं. "ह्ये बी मेलं चार रोज झालं मागं पडतंया. तुमी बारामतीचं. तुमच्या वळखीत कोन चांगला घड्याळवाला हाय का?"

मी जिलबी तोंडात कोंबली. चांगली मोठी. म्हटलं, तोंड भरलेलं असलं की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

पण पलीकडून दत्ता म्हणाला, नेहमीसारखं शांतपणे, "वळखीत कशाला मामा? काका सोताच घड्याळं दुरुस्त करत्यात. बारामतीत मोठं दुकान हाय त्येंचं."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मांडवाबाहेर उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडं बघितलं. पुन्हा माझ्याकडं बघितलं.

मग त्यांनी सदऱ्याची बाही मनगटावरून हळूच खाली ओढली, आणि बटण लावून टाकलं.